लातूरहून समुद्राकडे : तगरपुरीच्या जुन्या वाटेवरची एक सहल

१/ लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांना समुद्र नाही. नकाशावर पट्टी ठेवली तर लातूरपासून कोकणचा किनारा सरळ रेषेतही तीनशे किलोमीटरहून अधिक भरतो. नांदेडपासून आणखी दूर. तरीही कोकणच्या राजांनी आपल्या बिरुदात मराठवाड्यातल्या एका गावाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या मिरवले. ते गाव, तो किनारा आणि एका कुटुंबाच्या सहलीचा बेत यांची ही कथा.

२/ कुटुंब लातूरचे. भूगोलाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांना सारे गुरुजी म्हणतात. त्यांच्या पत्नी, गल्लीच्या काकू. पुण्यात नोकरी करणारी मुलगी आणि जावई. मुलीने बेत मांडला : आठ-दहा दिवस किनारा, बोटीने दोन-तीन बेटे, तिथले जेवण आणि वाटेत वाइनची चव. तिच्यासमोर थायलंडचे तयार पॅकेज होते. गुरुजी म्हणाले, बेत उत्तम आहे. फक्त तो दोन हजार वर्षांपूर्वीच कोणीतरी लिहून ठेवला आहे.

३/ ते लिखाण म्हणजे ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातले, ग्रीक भाषेतले, इजिप्तकडच्या एका अनामिक दर्यावर्दी व्यापाऱ्याचे. कोणत्या महिन्यात निघावे, कोणत्या बंदरात काय विकले जाते, कुठे चाचे आहेत, राजाला नजराणा काय द्यावा : सारे त्यात आहे. लेखकाने ते कामाचे पुस्तक म्हणून लिहिले. आज ते पश्चिम किनाऱ्याच्या सर्वांत जुन्या प्रवासमार्गदर्शकांपैकी एक ठरते.

४/ या पुस्तकात मराठवाड्यातली दोन गावे आहेत. भरूचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून अकीकासारखे दगड गाड्यांत भरून भरूचला जात. तगरहून साधे कापड, नाना प्रकारची मलमल आणि पूर्व किनाऱ्याकडून तिथे येऊन पडलेला माल. हे तगर म्हणजे तेरणा नदीकाठचे तेर. फ्लीट या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या आरंभी ही ओळख पक्की केली.

५/ तेर आज धाराशिव जिल्ह्यात आहे, लातूरपासून पन्नासेक किलोमीटरवर. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत दोन्ही गावे एकाच उस्मानाबाद जिल्ह्यात होती. लातूरकरांना तेर ठाऊक असते ते संत गोरोबाकाकांमुळे. चिखल तुडवणाऱ्या या कुंभाराच्या गावात जमिनीखालीही मडक्यांचाच इतिहास दडलेला निघावा, हा एक विलक्षण योग आहे.

६/ ती मडकी कोणती? उत्खननांत इथे परदेशी रांजणांचे तुकडे मिळाले. दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे अ‍ॅम्फोरा; भूमध्य समुद्राकाठी द्राक्षाची वाइन, ऑलिव्हचे तेल आणि माशांचा रस त्यांतून वाहत असत. पेरिप्लसमध्ये भरूचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत पहिलीच नोंद वाइनची आहे : इटलीची पसंतीची, त्याखेरीज लाओडिसियाची आणि अरबस्तानची.

७/ इथे एक सावधगिरी हवी. रॉबर्टा टॉम्बर यांनी भारतातले असे तुकडे पुन्हा तपासले, तेव्हा रोमन म्हणून नोंदवलेले अनेक तुकडे प्रत्यक्षात इराणी आखाताकडच्या, आतून डांबर लावलेल्या ‘टॉर्पेडो’ रांजणांचे निघाले. म्हणून प्रत्येक खापराला इटलीची वाइन चिकटवता येत नाही. परंतु मूळ मुद्दा शाबूत राहतो : समुद्रावरून आलेले पेय गाड्यांवर लादून दख्खनच्या पठारावर येत होते.

८/ तेरच्या संग्रहालयात रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदके आहेत. इथल्याच एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे, १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी जवळचे साम्य आहे. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. हा मोठा संग्रह गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवला. संग्रहालयाला त्यांचेच नाव आहे. सहलीचा पहिला मुक्काम म्हणून गुरुजींनी वहीत लिहिले : तेर.

९/ आता ते बिरुद. नवव्या शतकापासून कोकणावर शिलाहारांचे राज्य होते. उत्तर कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. समुद्राकाठी राज्य करणाऱ्यांची कुळाची आठवण तेरणेच्या काठी होती. आणि हे शिलाहार ज्यांचे मांडलिक म्हणून पुढे आले, ते राष्ट्रकूट स्वतःला काय म्हणवत? ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’. लट्टलूर म्हणजे आजचे लातूर.

१०/ म्हणजे एका काळी सम्राटाच्या बिरुदात लातूर होते आणि किनाऱ्यावरच्या त्याच्या मांडलिकाच्या बिरुदात तेर. राष्ट्रकूटांची सत्ता समुद्राकडे पाठ फिरवून बसलेली नव्हती. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी येथे सापडलेल्या ९२६ सालच्या ताम्रपटात संजाण प्रांताचा कारभार राष्ट्रकूटांनी एका अरब अधिकाऱ्याकडे सोपवल्याची नोंद आहे. परदेशी व्यापाऱ्यांची भाषा जाणणारा माणूस बंदरावर हवा, हा त्यामागचा सरळ हिशेब असावा.

११/ काकूंचे बंधू नांदेडला राहतात. मूळ गाव कंधार तालुक्यातले. सहलीचे कळताच ते म्हणाले, “भावजी, समुद्र बघायला एवढं लांब कशाला? आमच्या कंधारला हाय की!” ही थट्टा असली तरी निराधार नाही. कंधार हे राष्ट्रकूटांचे महत्त्वाचे नगर. तिथल्या विस्तीर्ण जलाशयाचे नाव ‘जगत्तुंग समुद्र’. पाण्याची ओढ असलेल्या मुलखाने आपल्या तलावाला समुद्र म्हणावे, यात त्या मुलखाचा स्वभाव दिसतो.

१२/ मग हा मुलूख समुद्रापासून तुटला कधी? पहिले उत्तर पेरिप्लसमध्येच आहे. तेरहून जवळचे बंदर भरूच नव्हे. पैठण, जुन्नर, नाणेघाट उतरून कल्याण आणि सोपारा : ही वाट कितीतरी आखूड. पण पेरिप्लस सांगतो की थोरल्या सातकर्णीच्या काळी खुले असलेले कल्याण बंदर पुढे संदनेस नावाच्या सत्ताधीशाकडे गेल्यावर अडवले गेले. तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरूचला नेली जात.

१३/ सातवाहन आणि क्षत्रप यांच्या संघर्षात बंदरे ओलीस पडली होती. तेरच्या कापडाला जो महिनाभराचा प्रवास घडत होता, तो डोंगरांमुळे कमी आणि राजकारणामुळे अधिक. गुरुजींनी वहीच्या समासात एक वाक्य लिहिले : समुद्र मैलांनी दूर जात नाही, नाक्यांनी दूर जातो. पुढच्या दोन हजार वर्षांचा इतिहास या वाक्याला दुजोराच देतो.

१४/ बहमनी काळात हा प्रदेश बीदरच्या छायेत होता. बीदर उदगीरचे शेजारी. तेव्हा चौल आणि दाभोळ ही बीदरची समुद्राकडची दारे होती. रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास चौलला उतरला, घाट चढून जुन्नरला आला, पावसाळा तिथे काढून बीदरला गेला. त्याच्या टिपणांत नारळापासून होणाऱ्या मद्याचाही उल्लेख आहे. १४७२ साली महमूद गवानने गोवा जिंकले. मराठवाड्याला तेव्हा समुद्र होता.

१५/ पुढे हैदराबाद संस्थान आले. त्यांच्याकडे पूर्व किनाऱ्यावरचे मच्छलीपट्टण होते. १७६६ च्या तहाने उत्तर सरकार इंग्रजांकडे गेले आणि संस्थान चोहोबाजूंनी जमिनीने वेढले गेले. ही कोंडी शेवटपर्यंत खुपत राहिली. १९४७ च्या सुमारास निजाम सरकारने पोर्तुगीजांकडून गोव्यातले बंदर मिळवण्याची खटपटही करून पाहिली. ती सफल झाली नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले.

१६/ त्या काळातल्या प्रवाशाला समुद्राकडे जाताना काय करावे लागे? संस्थानाची हद्द ओलांडताना करोडगिरीच्या नाक्यावर झडती. खिशातले हाली नाणे बदलून इंग्रजी कलदार घ्यायचे. लातूरकराला बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरून कुर्डुवाडीपर्यंत, तिथे गाडी बदल. नांदेडकराला मीटरगेजने मनमाडपर्यंत, तिथे पुन्हा बदल. एकाच मराठी मुलखात दोन नाणी, तीन रुंदीचे रूळ.

१७/ म्हणूनच मुक्तिसंग्रामात करोडगिरीचे नाके हे लढ्याचे लक्ष्य ठरले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या त्या आंदोलनात आणखी एक कार्यक्रम होता : शिंदीची झाडे तोडणे. शिंदीच्या रसाचे मद्य हे मराठवाड्याचे गावठी पेय, आणि त्यावरची आबकारी हे निजामाचे मोठे उत्पन्न. झाड तोडणे म्हणजे सरकारचा महसूल तोडणे. ‘स्थानिक मद्य’ हा विषय इथे मौजेचा कधीच नव्हता.

१८/ जावयाने वाइनचा विषय काढला तेव्हा घरात जो थोडा अवघडलेपणा आला, त्यामागे हाही इतिहास आहे. काकूंचे माहेर माळकरी. त्यांनी तोडगा सांगितला : “जावईबापू, तुमी काय प्यायचं ते प्या. माझ्यासाठी आंबील न्यायची.” ज्वारीच्या पिठाची ताकात आंबवलेली आंबील हे लातूरकडचे खरे पेय. आंबवणे दोन्हीकडे आहे. फरक फक्त किती दिवस थांबायचे याचा.

१९/ आंबिलीवरून मुहूर्तही ठरला. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिवकडे वेळा अमावास्या असते, बोलीत येळवस. त्या दिवशी शहरे ओस पडतात. सारी माणसे शेतात. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. सोयाबीन केव्हाच विकलेले, तूर काढणीला आलेली, ज्वारी हुरड्याच्या वाटेवर. येळवस झाल्याशिवाय गाव सोडायचे नाही, एवढीच काकूंची अट होती. तशी ती आहे, असे तोवर सर्वांना वाटत होते.

२०/ अमावास्येनंतर निघण्यात एक सागरी फायदाही होता. अमावास्येला समुद्राला उधाण असते. भरती मोठी, तशी ओहोटीही खोल. कोकणात एक ठोकताळा सांगतात : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी म्हणजे चार. त्याची पाऊणपट तीन. तीनला भरती, म्हणजे सुमारे सहा तास आधी, सकाळी नऊला ओहोटी. शेतकऱ्याचे आणि कोळ्याचे पंचांग एकच आहे. एक त्यावर पेरणी बघतो, दुसरा पाणी.

२१/ त्या हिशेबाने बेत असा आखला गेला. प्रतिपदा : लातूर, तेर, पुणे. द्वितीया : जुन्नर, नाणेघाट. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि घाटमाथ्यावर तो दगडी रांजण, ज्याला जकातीचा रांजण म्हणून ओळखतात. जुन्नरच्या लेण्यांत यवनांच्या, म्हणजे परदेशी दात्यांच्या देणग्या कोरल्या आहेत. त्यांतल्या एकाने पाण्याची टाकी दिली. चिट नावाच्या दुसऱ्याने भिक्षूंसाठी भोजनमंडप.

२२/ दूरदेशीच्या माणसाने परक्या डोंगरात पंगतीची जागा दान करावी, याहून स्पष्ट असे व्यापाराचे चिन्ह कोणते? आणि जुन्नरलगतच्या नारायणगावातच १९८० च्या दशकात आधुनिक महाराष्ट्रातला वाइनचा एक पहिला मोठा प्रयोग झाला. पुढे हा धंदा नाशिककडे सरकला. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रियेसाठी स्वतंत्र धोरण आणले. ज्या वाटेने कधी परदेशी वाइन घाट चढत असे, त्याच वाटेवर ती पिकू लागली. मुलीची वाइन इथे, द्वितीयेला.

२३/ तृतीया : घारापुरी. नांदेडचे बंधू देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला येऊन मिळणार. गेटवेवरून बोट, सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा वार बघूनच तिकीट काढायचे. इथली महेशमूर्ती जगप्रसिद्ध आहे. पण बेटाच्या मोराबंदर किनाऱ्यावरही अ‍ॅम्फोराचे तुकडे मिळाले आहेत. प्रतिपदेला तेरमध्ये पाहिलेले खापर आणि तृतीयेला बेटावरची ही नोंद, हीच या सहलीची दोन टोके. दुपारी गेटवेवरून बोटीने मांडवा आणि अलिबाग.

२४/ चतुर्थी, सकाळी नऊ : ओहोटीच्या वेळी अलिबागचा कुलाबा किल्ला पायी गाठता येतो. समोर थळच्या बाजूला खांदेरी. १६७९ साली याच बेटासाठी मराठी आरमार इंग्रजांशी आणि सिद्दीशी झुंजले. २०२५ साली मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत खांदेरी आहे. दुपारी चौल, पेरिप्लसचे सेमिला आणि निकितिनचे पहिले पाऊल पडले ते बंदर. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत.

२५/ रात्री पोपटी. पौषात हुरड्यासाठी शेतात जमणाऱ्या मराठवाड्याला पोपटी समजावून सांगावी लागत नाही. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, वांगी, हवे त्यांना अंडी-कोंबडी. मडके उलटे ठेवून भोवती जाळ. तिकडे कणीस आणि गोवऱ्यांची आगटी, इकडे शेंग आणि मडके. थंडी तीच, शेतही तेच. अलिबागचा पांढरा कांदा, तांदळाची भाकरी आणि सोलकढी घेऊन शाकाहारी पान पूर्ण होते.

२६/ पंचमी : मुरूड-जंजिरा. राजपुरीहून शिडाच्या होडीने. समुद्रामार्गे आलेल्या हबशी सिद्दींचे हे जलदुर्गाचे राज्य अखेरपर्यंत अजिंक्य राहिले. मराठवाड्याला याचीही ओळख जुनी. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हाही हबशीच. त्याने वसवलेले खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेली माणसे समुद्रात किल्ला राखत होती आणि गोदावरीच्या खोऱ्यात शहरही वसवत होती.

२७/ षष्ठी : दिवसभर प्रवास, मुक्काम मालवण. सप्तमी : सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग, दोन्ही एका दिवसात. अष्टमी : वेंगुर्ला. पेरिप्लसने या किनाऱ्यापुढच्या ज्या बेटांची नावे दिली आहेत आणि चाच्यांपासून सावध राहायला सांगितले आहे, त्यांतली काही म्हणजे वेंगुर्ल्यासमोरचे खडक असावेत, असे काही अभ्यासक मानतात. तिथे पाकोळ्यांची घरटी आहेत. ते खडक किनाऱ्यावरून पाहण्याचे. बेत असा पूर्ण झाला. गुरुजींनी तो मोठ्याने वाचून दाखवला.

२८/ काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आवो, समदं झालं. पर समुद्र कवा बघायचा?” गुरुजींना प्रश्न कळला नाही; आठ दिवस समुद्राचेच तर होते. काकू म्हणाल्या, “राजे झाले, रांजण झाले. मला एक दिस नुसतं त्याच्याफुडं बसायचंय. कुनी काय सांगायचं न्हाई.” चाळीस वर्षे फळ्यावर पश्चिम किनाऱ्याची रेघ काढणाऱ्या माणसाच्या घरात, त्रेसष्ट वर्षांच्या त्या बाईने समुद्र एकदाही पाहिलेला नव्हता.

२९/ या मागणीमागे काय आहे, ते लातूरबाहेरच्या माणसाला सांगावे लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली : पहिल्या खेपेला १० टाक्या, पाच लाख लिटर. पुढे ५० टाक्यांच्या गाडीतून पंचवीस लाख लिटर येऊ लागले. ज्यांनी घागर मोजून दिवस काढले, त्यांना न मोजता येणारे पाणी एकदा बघावेसे वाटणे, ही हौस नव्हे.

३०/ ती रेल्वे आली कोणत्या मार्गाने? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. हीच ती बार्शी लाइट रेल्वेची जुनी वाट. १९११ साली लातूरपर्यंत आलेली, मिरजेपर्यंत १९२७ साली पोहोचलेली, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कुर्डुवाडी-लातूर भाग रुंद झालेली. रूळ अरुंद असते तर तशा टाक्या गाडी न बदलता आल्याच नसत्या. रुळांची रुंदी हा अभ्यासकांचा विषय वाटतो. लातूरमध्ये तो पिण्याच्या पाण्याचा विषय होता.

३१/ गुरुजींनी विजयदुर्ग खोडले. १७५६ ची लढाई, तुळाजी आंग्रे, सारे वहीतच राहिले. सप्तमीपुढे आता एकच शब्द आहे : समुद्र. मालवणजवळ तारकर्लीच्या वाळूवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत. जेवणाला आंबोळी, काळ्या वाटाण्याचे सांबार, आणि घरून नेलेली ज्वारीची कडक भाकरी व शेंगांची चटणी. माशांच्या ताटाची सोय जावई आणि नांदेडकर मामा आपली आपण करतील. सिंधुदुर्ग अष्टमीला गेला, वेंगुर्ला नवमीला.

३२/ सिंधुदुर्गात मात्र काकूंना रस आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी त्याचा पाया घातला. १६६७ साली किल्ला उभा राहिला. आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरी; चहूबाजूंनी खारे पाणी आणि या विहिरींत गोडे. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्याच्या वर टिकून राहते, हे गुरुजींनी समजावले. काकूंनी विचारले, “उन्हाळ्यात आटत न्हाईत?” जलदुर्ग बांधणाऱ्यानेही बेट निवडताना हाच प्रश्न आधी विचारला असणार.

३३/ इतिहासात एवढेच खरे पाहण्यासारखे असते. कोणता राजा कशाचा स्वामी म्हणवत होता, याहून कोणाला काय मिळत होते आणि कोणाचे काय अडवले जात होते. तेरच्या विणकराचे कापड इजिप्तकडे जात होते. इटलीची वाइन राजाच्या आणि सावकाराच्या घरी येत होती. तो विणकर समुद्र कधी पाहत होता का, हे कुठेही कोरलेले नाही. वाट होती, ती सर्वांसाठी नव्हती. आज नाका नाही, नाणे एक आहे, रूळ एका रुंदीचे आहेत.

३४/ नवमीनंतर मुलगी आणि जावई गोव्याला जातील. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. त्याच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे जावयाने स्वतः शोधून काढले आहे. उरलेली मंडळी आंबोली घाट चढून परततील. परतीचा रस्ता काकूंनी ठरवला आहे. साऱ्या बेतात त्यांनी स्वतः घातलेला हा एकमेव मुक्काम. कोल्हापूर, मग मिरज.

३५/ मिरजेला का, असे मुलीने विचारले. त्या म्हणाल्या, “त्या साली ज्या नदीचं पानी पेलो, ती बघायची ऱ्हायली हाय.” वहीचे शेवटचे पान असे आहे. दशमी : मिरज, कृष्णेचा घाट. एकादशी : पंढरपूर, बार्शी, तेरच्या फाट्यावरून लातूर. येताना पाण्याच्या गाडीचीच वाट.